सातारा जिल्ह्यातील माती: आधी खड्डा खणावा, मग पीक ठरवावे

महाबळेश्वरहून पूर्वेला माण तालुक्यातल्या दहिवडीकडे सरळ रेषेत पाहिले तर अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. तरीही या टप्प्यात पाऊस वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढून पाचशेच्या आसपास येतो आणि पायाखालची माती तांबड्या, आम्लधर्मी, धुऊन निघालेल्या मातीपासून चुनखडीच्या, मुरमाड, उथळ मातीपर्यंत बदलत जाते. मूळ खडक मात्र दोन्हीकडे एकच आहे, काळा बसाल्ट. फरक केला आहे तो पावसाने. पश्चिमेला लाखो वर्षांच्या मुसळधार पावसाने खडकातला चुना, मॅग्नेशियम, पोटॅश आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिले व त्यांचा जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र खडक, झाला. पूर्वेला पाऊस इतका कमी, की खडकातून सुटलेला चुना वाहून जाण्याऐवजी मातीतच खाली साचला आणि त्याचे खडे बनले. मधल्या कृष्णाखोऱ्यात नद्यांनी आणलेला गाळ आणि जागच्या जागी झिजलेल्या खडकाची काळी माती यांची खोल जमीन तयार झाली.

ही पार्श्वभूमी आधी सांगण्याचे कारण असे, की आपल्याकडे पीक ठरवताना सर्वप्रथम बाजारभाव पाहिला जातो, मग पाणी, आणि मातीचा विचार सर्वांत शेवटी होतो. पुष्कळदा तर पीक पिवळे पडल्यावरच होतो. शेजारच्या तालुक्यात आल्याचे पैसे झाले म्हणून आपल्याकडे आले लावले जाते, सांगोल्याकडे डाळिंब चालले म्हणून काळ्या पाणथळ रानात डाळिंबाचे खड्डे घेतले जातात. माझे मत ठाम आहे, की मातीची खोली, निचरा आणि चुनखडी या तीन गोष्टी पैसे खर्चून सहज बदलता येत नाहीत. म्हणून पिकाची निवड त्यांच्यापासून सुरू झाली पाहिजे. खताची कमतरता एका हंगामात भरून काढता येते, मातीची खोली मात्र एका पिढीतही वाढत नाही. या तीनही गोष्टी कळण्यासाठी लागतात ते कुदळ, पाटी आणि अर्धा दिवस.

खड्डा कोठे आणि कसा घ्यावा

खड्डा घेण्यासाठी एप्रिल-मे महिना चांगला, कारण रान मोकळे असते, चुनखडीचे थर स्पष्ट दिसतात आणि काळ्या रानात भेगा किती खोल गेल्या आहेत तेही पाहता येते. एका शेतात एकच खड्डा घेऊन भागत नाही. आपल्या जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक शेताला उतार आहे आणि उताराच्या वरच्या अंगाला बरड, मध्यावर मध्यम आणि खालच्या ताली-बांधाजवळ काळी खोल माती असे चित्र एकाच गटात दिसते. म्हणून वर, मध्ये आणि खाली असे किमान तीन खड्डे घ्यावेत. लांबी-रुंदी माणसाला आत उतरून उभे राहता येईल इतकी ठेवावी आणि मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणावे. तो लागला नाही तर तीन-साडेतीन फुटांवर थांबावे. सूर्याकडे तोंड असलेली बाजू कुदळीने सरळ तासून घ्यावी, कारण तिच्यावरच थर वाचायचे असतात.

खोलीचे मोजमाप करताना टेप नसला तरी अडत नाही. कृषी खात्याच्या तक्त्यांत जमिनीच्या खोलीचे वर्ग ७.५, २२.५, ४५ आणि ९० सेंटीमीटर असे विचित्र आकड्यांत दिलेले असतात आणि ते लक्षात राहत नाहीत. पण ७.५ सेंटीमीटर म्हणजे तीन इंच, २२.५ म्हणजे नऊ इंच अर्थात एक वीत, ४५ म्हणजे एक हात आणि ९० म्हणजे दोन हात, हे ध्यानात घेतले की तोच तक्ता आपल्या वाडवडिलांच्या मापात येतो. एक वितीपर्यंत माती असेल ती उथळ, वीत ते एक हात ती मध्यम, एक ते दोन हात ती मध्यम खोल आणि दोन हातांपुढची खोल जमीन. तीन इंचांच्या आतली जमीन नांगराखाली आणूच नये. तिथे गवत, करंज किंवा हिवरच शोभतो.

मुरूम लागला म्हणजे मुळांचा रस्ता संपला असे मात्र समजू नये. कुदळीच्या घावाने सहज फुटणारा, हातात चुरगळणारा पिवळसर मुरूम असेल तर त्याच्या फटींतून डाळिंब, सीताफळ, बोर यांची मुळे खाली जातात. टणक, खणखण वाजणारा कातळ असेल तर मुळे तिथेच आडवी पसरतात. आधीच्या पिकाची जुनी मुळे कोणत्या खोलीवर थांबली आहेत किंवा आडवी वळली आहेत हे तासलेल्या बाजूवर नीट पाहावे. पुष्कळ बागायती रानांत सात-आठ इंचांवर मुळे अचानक आडवी वळलेली दिसतात. ओल्या रानात वर्षानुवर्षे ट्रॅक्टर फिरून त्या खोलीवर जो घट्ट तवा बनतो, त्याची ती खूण असते. असा तवा उन्हाळ्यात, जमीन कोरडी ठणठणीत असताना सबसॉयलरने (खोल जाणाऱ्या फाळाच्या औताने) फोडता येतो. ओली असताना फोडायला गेले तर तो आणखी घट्ट होतो.

तासलेल्या बाजूवर रंगही पाहावा. काळा किंवा गडद तपकिरी रंग एकसारखा खाली गेला असेल तर बरे. खाली राखाडी-निळसर झाक आणि तांबूस ठिपके दिसले तर पावसाळ्यात तिथपर्यंत पाणी साचून राहते, हे उन्हाळ्यातही कळते. पांढरे खडे किंवा पिठासारख्या पांढऱ्या रेघा म्हणजे चुनखडी. खात्री करायची असल्यास प्रयोगशाळेतून किंवा कृषी पदवीधराकडून सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली घेऊन प्रत्येक थरावर दोन-तीन थेंब टाकावेत. माती जितकी जोरात फसफसेल तितका चुना जास्त. आम्ल हाताळताना हातमोजे घालावेत आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

पोत आणि निचरा

पोत हाताने ओळखता येतो. मूठभर मातीतले खडे काढून ती थोड्या पाण्यात कणकेसारखी मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी बाहेर काढावी. पट्टी निघतच नसेल आणि माती खरखरीत लागत असेल तर ती रेताड. इंचाच्या आत तुटली तर पोयट्याची. एक ते दोन इंच टिकली तर चिकण-पोयट्याची आणि दोन इंचांपुढे लोंबत राहिली, बोटांना चमकदार लेप बसला, तर ती भारी चिकण माती. कराड, कोरेगाव आणि फलटण तालुक्यांतल्या नदीकाठच्या काळ्या रानाची पट्टी सहज दोन इंचांपुढे जाते. महाबळेश्वरची तांबडी माती मात्र दिसायला चिकण असली तरी पट्टी लवकर तुटते, कारण तिचे बारीक कण लोहाने एकत्र बांधून रवाळ झालेले असतात. म्हणूनच एवढ्या पावसातही तिचा निचरा चांगला राहतो.

निचरा पाहण्यासाठी एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काठोकाठ पाण्याने भरावा व ते पाणी पूर्ण जिरू द्यावे. मग तो दुसऱ्यांदा भरून, आत काठी उभी करून पाण्याची पातळी दर तासाला किती उतरते ते मोजावे. पहिल्या भरणीवरून कधीही निष्कर्ष काढू नये, कारण कोरडी भेगाळलेली काळी माती पहिले पाणी घटाघटा पिते आणि मग फुगून बंद होते. दुसऱ्या भरणीत पाणी तासाला एक ते तीन इंच उतरले तर निचरा उत्तम समजावा. रात्रभर थांबूनही पाणी तसेच राहिले, तर त्या रानात आले, हळद, घेवडा किंवा डाळिंब यांचा विचार सोडून द्यावा.

नमुना आणि आरोग्यपत्रिका

खड्ड्याने जमिनीची घडण कळते, पण तिच्यातले अन्नघटक कळण्यासाठी प्रयोगशाळेत जावेच लागते. त्यासाठीचा नमुना वेगळ्या पद्धतीने घ्यायचा असतो. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा खड्डा करावा, त्याची माती काढून टाकावी आणि कडेची दोन बोटे जाडीची माती वरपासून तळापर्यंत खरवडून घ्यावी. सगळी माती गोणपाटावर मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची, जनावरे बांधण्याच्या जागेची आणि नुकतेच खत टाकलेली माती घेऊ नये. रासायनिक खत दिल्यानंतर किमान तीन महिने जाऊ द्यावेत. फळबागेसाठी मात्र एक, दोन आणि तीन फूट अशा थरांचे वेगवेगळे नमुने द्यावेत, कारण वरचा फूटभर थर निर्दोष आणि दुसऱ्या फुटाला चुनखडी, अशी फसगत या जिल्ह्यात फार होते.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्यपत्रिकेत बारा घटक दिलेले असतात. त्यांतले पहिले तीन आधी वाचावेत. सामू, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप (पीएच), ६.५ ते ७.५ असेल तर बहुतेक पिकांना चालतो, ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट व पाणी न जिरणारी, होऊ लागल्याची शंका घ्यावी. क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असावी. १ ते २ च्या दरम्यान उगवणीला त्रास होऊ लागतो. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्याच्या खाली असेल तर तो कमी आहे आणि नत्राच्या गोण्या वाढवून ती तूट भरत नाही. या बारा घटकांत मुक्त चुना नसतो, म्हणून तो वेगळा मागून तपासून घ्यावा. दहा टक्क्यांच्या पुढे चुना असेल तर फळबागेचा बेत रद्द केलेला बरा. पत्रिका समजली नाही तर बोरगाव किंवा काळवडे येथील कृषी विज्ञान केंद्रात ती घेऊन जावे आणि सोबत खड्ड्याची खोली व थर लिहिलेला कागदही न्यावा. तज्ज्ञाला त्या कागदाचा पत्रिकेइतकाच उपयोग होतो.

पश्चिमेची तांबडी माती

महाबळेश्वर, जावळी आणि पाटण तालुक्यांचा घाटमाथ्याकडचा भाग जांभ्याचा आहे. कासच्या पठारासारख्या सड्यांवर, म्हणजे उघड्या सपाट माथ्यांवर, कातळावर काही इंचांचीच माती असते आणि तिथे फुलांखेरीज काही उगवण्याची अपेक्षा करू नये. सड्याखालच्या उतारांवर आणि खोलगट भागांत मात्र तांबडी, रवाळ, आम्लधर्मी माती बऱ्यापैकी खोल मिळते. भिलार-पाचगणी परिसरात स्ट्रॉबेरी का रुजली याचे उत्तर थंड हवेइतकेच या मातीतही आहे. स्ट्रॉबेरीला ५.५ ते ६.५ सामू मानवतो, तिची मुळे वरच्या वीतभर थरात राहतात आणि मुळांशी पाणी थांबलेले तिला अजिबात सोसत नाही. या तिन्ही अटी तांबडी माती मुळातच पुऱ्या करते. सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण करताना गादीवाफे उताराला आडवे आणि उंच घ्यावेत, कारण परतीचा पाऊस सरीत साचला तर रोपे मुळाशी कुजतात.

या मातीची अडचण स्फुरदाची (फॉस्फरसची) आहे. सुपर फॉस्फेट फोकून दिले तर मोकळे लोह आणि ॲल्युमिनियम ते पकडून ठेवतात आणि पिकाच्या वाट्याला थोडेच येते. म्हणून स्फुरद कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांजवळ ओळीत द्यावे. सामू ५.५ च्या खाली असेल तर लागणीपूर्वी महिनाभर आधी, प्रयोगशाळेने सांगितलेल्या मात्रेत, शेतीचा चुना मातीत मिसळावा. भाताच्या खाचरात मात्र हा चुना बहुधा लागत नाही, कारण पाणी साठून राहिलेल्या आम्ल मातीचा सामू आपोआप वर सरकतो आणि अडकलेले स्फुरदही काही प्रमाणात मोकळे होते. चिखलणी केलेले खाचर ही या मातीवरची जुनी आणि नेमकी उपाययोजना आहे. वरकस उतारावर नाचणी आणि वरी टिकून आहेत त्यामागेही हेच शहाणपण आहे. दोन्ही पिके आम्लता आणि निकस जमीन सोसतात. मात्र उतारावर उभी नांगरट कधीही करू नये. तिथे एका पावसात जाणारी माती परत येत नाही.

कृष्णाखोऱ्याची काळी

वाईपासून कराडपर्यंत, कृष्णा आणि तिला मिळणाऱ्या वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना यांच्या काठाने जिल्ह्यातली सर्वांत कसदार जमीन आहे. तिच्यातही दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. अगदी नदीकाठची गाळाची, पोयट्याची मळी ही मऊ, निचऱ्याची आणि चटकन वाफशावर (मशागतीला योग्य ओलीवर) येणारी असते. तिच्यापासून थोडे आत गेले की भारी चिकण काळी लागते. ती ओली असताना चिकटते, वाळल्यावर दगडासारखी ढेकळे होतात आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. या काळ्या रानात वाफसा फार थोडे दिवस मिळतो. मूठभर माती दाबून कमरेच्या उंचीवरून टाकली आणि तिचा गोळा फुटून भुगा झाला तर घात, म्हणजे वाफशाची वेळ, आली असे समजावे. चपटा झाला तर औत बाहेर काढू नये.

वाईच्या हळदीचे आणि सातारी आल्याचे नाव झाले ते पोयट्याच्या आणि मध्यम खोल, निचऱ्याच्या रानांवर. कंदाला पोसायला मोकळी माती लागते. भारी काळीत कंद वेडेवाकडे होतात, काढणीला माती सुटत नाही आणि पावसाळ्यात कंदकूज शिरते. भारी रानातच हळद करायची असेल तर उंच गादीवाफा, भरपूर कुजलेले शेणखत आणि बांधाकडेने खोल चर या तीन गोष्टी केल्याशिवाय अक्षय्य तृतीयेच्या लागणीची घाई करू नये. आल्याच्या बाबतीत आणखी एक अट आहे, ती चुनखडीची, आणि ती आम्ही घरच्या अनुभवातून शिकलो.

कोरेगाव तालुक्यातले आमचे एक रान उताराचे होते. पाटपाणी नीट बसावे म्हणून आम्ही ते एका उन्हाळ्यात जेसीबी लावून सपाट केले, वरच्या अंगाची माती काढली आणि खालच्या अंगाला ओढली. पुढच्या मे महिन्यात पूर्ण रानावर आले लावले. ऑगस्टात खालच्या अर्ध्या रानात गुडघाभर हिरवेगार पीक होते आणि वरच्या अर्ध्यात कोवळी पाने पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या, अशी स्पष्ट रेघ आखल्यासारखी विभागणी झाली. दुकानातून सांगितलेल्या दोन-तीन फवारण्या केल्या, पाने आठवडाभर हिरवी दिसत आणि पुन्हा पिवळी पडत. शेवटी वरच्या भागात कुदळ मारली तेव्हा बोटभर मातीखाली हरभऱ्याएवढ्या पांढऱ्या खड्यांचा थर लागला. जो थर पूर्वी दीड फूट खाली होता, तो आम्हीच वर आणून ठेवला होता. चुन्यामुळे मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नव्हते. त्या भागात पुन्हा आले लावले नाही. शेणखत आणि तागाची हिरवळ गाडून तिथे आता हरभरा आणि ज्वारी घेतो व पीक समाधानकारक येते.

म्हणून सपाटीकरणाच्या आधी खड्डे घेणे सक्तीचे मानावे. चुनखडी किंवा मुरूम दोन फुटांच्या आत असेल तर पूर्ण सपाटी न करता उताराला आडव्या ताली घालून टप्पे पाडावेत. सपाटी करायचीच असेल तर वरची वीतभर कसदार माती आधी एका बाजूला ढीग करून ठेवावी आणि काम झाल्यावर ती सर्वत्र परत पसरावी. यंत्राचा तासाचा खर्च वाढतो, पण रान वाचते.

खोल काळ्या रानाला उसाइतके दुसरे पीक मानवत नाही, हे खरेच आहे. पण उसाला दिलेल्या अमाप पाण्याने याच रानांचे सर्वांत जास्त नुकसान होते. पाणी खाली जायला वाट नसली की भूजल वर चढते, आपल्याबरोबर क्षार आणते आणि उन्हाळ्यात रानावर पांढरी पापडी फुटते. अशी पांढरी, भुसभुशीत पापडी दिसली तर जमीन खारवट झाली आहे. पाणी साचून गढूळच राहते, वाळल्यावर काळपट चकाकी येते आणि पाऊल टाकल्यावर बूड घट्ट लागते, तर ती चोपण होत आहे. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. खारवट रानाला आधी चर काढून किंवा सच्छिद्र पाइप गाडून निचरा द्यावा, मग चांगल्या पाण्याने क्षार धुवावेत. चोपण रानाला निचऱ्याबरोबरच तपासणीनुसार जिप्सम आणि धैंच्याची हिरवळ लागते. निचरा न करता नुसते जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. चराला बाहेर पडायला ओढा लागतो आणि तो बहुधा शेजाऱ्याच्या रानातून जातो, म्हणून हे काम एकट्याने होत नाही; पाच-सहा खातेदारांनी एकत्र बसून उताराची दिशा ठरवणे हाच त्यातला अवघड भाग आहे.

कोरेगावच्या उत्तरेला, वाठार-देऊरकडे माती हलकी ते मध्यम होत जाते आणि तिथे वाघ्या घेवडा पिकतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या घेवड्याची खरी गरज म्हणजे पाणी न साचणारी, क्षार नसलेली जमीन. कराडकडच्या भारी रानात तोच घेवडा पिवळा पडून बसतो. पुसेगाव भागातला खरिपाचा बटाटाही अशाच मोकळ्या, मध्यम मातीवर उभा आहे.

माण, खटाव आणि फलटण

शंभू महादेवाच्या डोंगररांगांनी वेढलेल्या माण-खटावात माळांवर वीतभर माती आणि माणगंगा, येरळा यांच्या काठाला चांगली खोल काळी, असे दोन टोकांचे चित्र आहे. इथे माती म्हणजे पाण्याची टाकी आहे असे समजून हिशेब करावा. मध्यम पोताची एक फूट माती पिकाला उपयोगी पडेल असे साधारण ४० ते ५० मिलीमीटर पाणी धरते. म्हणजे फूटभर मातीच्या रानात सप्टेंबरचा पाऊस कितीही झाला तरी रब्बीसाठी तेवढीच ओल उरते, बाकीचे पाणी वाहून किंवा मुरून जाते. अशा रानात खरिपात बाजरी, मटकी, हुलगा यांवर थांबावे आणि रब्बी ज्वारीचा हट्ट धरायचाच असेल तर कमी दिवसांचे वाण घ्यावेत.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीच्या वाणांची शिफारस जमिनीच्या खोलीवरूनच केली आहे, आणि ही शिफारस पूर्वेकडच्या शेतकऱ्याने पाठ करावी अशी आहे. फूटभर खोलीपर्यंत फुले अनुराधा किंवा फुले माउली. दोन फुटांपर्यंत फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी ३५-१. त्यापुढच्या खोल रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान साधावी आणि त्याआधी पावसाळ्यात रानात सारे-वाफे पाडून पाणी जागीच मुरवावे. खोल रानात उशिरा पक्व होणारे वाण ओलीचा पूर्ण फायदा घेते. उथळ रानात तेच वाण पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात, आल्यावर वाळते.

डाळिंबाला हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन मानवते, म्हणून माण, खटाव आणि फलटणच्या माळांवर ते शोभते. फुटणारा मुरूम असलेल्या जागी दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे उन्हाळ्यात घेऊन तापू द्यावेत, तळाला शेणखत-पोयटा भरावा आणि पाणी ठिबकनेच द्यावे. काळ्या रानात डाळिंब लावू नये. झाड वाढते, पण बहर धरण्यासाठी जो पाण्याचा ताण द्यावा लागतो तो काळी माती बसू देत नाही, आणि मर रोगाला ओलावा पोषक ठरतो.

फलटण तालुक्यात नीरा उजव्या कालव्याखालच्या जुन्या बागायती रानांनी क्षारांचे दुखणे केव्हाच पाहिले आहे. आता जिहे-कठापूर आणि उरमोडी योजनांतून माण-खटावला कृष्णाखोऱ्याचे पाणी पोचू लागले आहे, ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्या पाण्यासाठी तिथल्या माणसांनी अनेक वर्षे वाट पाहिली आहे. म्हणूनच आग्रहाने सांगावेसे वाटते, की पाणी आले म्हणून ओढ्याकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या रानात लगेच पाटपाण्याचा ऊस लावू नये. त्या मातीत पावसाने कधीही न धुतलेले क्षार आधीच आहेत आणि ते वर यायला फक्त जास्तीच्या पाण्याची वाट पाहत आहेत. ठिबक, निचऱ्याचा चर आणि दोन वर्षांनी एकदा वाहकतेची तपासणी, एवढे पहिल्या दिवसापासून धरले तर फलटणने सोसले ते माणला सोसावे लागणार नाही.

गाळ आणून माती वाढवणे

उथळ रानाची खोली वाढवण्याचा एकच व्यवहार्य मार्ग म्हणजे तलावातला गाळ. हिशेब सोपा आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर एक इंच थर द्यायचा तर ३,६३० घनफूट, म्हणजे सुमारे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) गाळ लागतो. वीतभर माती वाढवायची म्हटली तर ३२० ब्रासच्या पुढे जावे लागेल, ते कोणालाच परवडणारे नाही. म्हणून दोन-तीन इंचांचा थर हाच पल्ला धरावा आणि तोही सर्वांत उथळ, मुरमाड पट्ट्यातच टाकावा. भारी काळ्या रानात गाळ कधीही टाकू नये, तिथे तो निचरा आणखी बिघडवतो. गाळ उचलण्यापूर्वी त्याचाही अर्धा किलो नमुना तपासून घ्यावा. ज्या तलावाच्या पाणलोटात खारवट जमीन आहे, त्याच्या गाळातून क्षार घरी येतात. टाकलेला गाळ उन्हात तापू द्यावा, ढेकळे फुटल्यावर मुरमाशी हलक्या नांगरटीने मिसळावा आणि पावसाआधी खालची ताल दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर पहिल्याच वळवात तो ओढ्याला जातो. दोन पावसाळे गेल्यावर जुन्या खड्ड्याशेजारी नवा खड्डा घेऊन मातीची खोली पुन्हा मोजावी आणि तो आकडा पहिल्या आकड्याखाली त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवावा.